नव्या मागाची नोंद होते, कामगाराची का होत नाही?

प्रति,
माननीय वस्त्रोद्योग मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



राज्याचे 2023 ते 2028 या काळासाठीचे एकात्मिक व शाश्वत वस्त्रोद्योग धोरण जाहीर झाले, तेव्हा त्यात 25 हजार कोटी रुपयांची गुंतवणूक आणि पाच लाखांपर्यंत रोजगार अशी उद्दिष्टे ठेवली होती. गुंतवणूक कुठे झाली हे सांगता येते, कारण यंत्राचे बिल असते, कर्जाचा हप्ता असतो, अनुदानाची फाईल असते. रोजगाराचे तसे नाही. नव्या मागावर किती माणसे लागली हे कदाचित सांगता येईल. पण तो बसवताना जुन्या मागाभोवतीची किती माणसे घरी गेली, हे सोलापुरात कोणत्याही कार्यालयात विचारले तरी उत्तर मिळायचे नाही. ती माणसे मुळात कुठल्या कागदावरच नव्हती. म्हणून या पत्रात एकच मागणी आहे. सरकारी पैशाच्या आधाराने नवा माग बसणार असेल, तर जुन्या मागावर पोट असलेल्या प्रत्येक माणसाची नोंद आधी व्हावी आणि त्या अनुदानात त्या माणसाचा वाटा असावा.

यंत्रमानव, कृत्रिम बुद्धिमत्ता हे शब्द उच्चारले की डोळ्यांसमोर मोटारींचे कारखाने आणि हिंजवडीची कार्यालये येतात. सोलापुरात स्वयंचलन त्याआधीच शिरले आहे, आणि तेही फारसा गाजावाजा न करता. साध्या यंत्रमागावर आडवा धागा धोट्यातून जातो. धोट्यात धाग्याची कांडी असते, ती संपली की बदलावी लागते, आणि अशा शेकडो कांड्या रोज भरून द्याव्या लागतात. हे काम बहुतेक ठिकाणी बायका करतात. रेपियर या नव्या मागात धोटाच नाही. आडवा धागा थेट कोनावरून ओढला जातो. साधा माग मिनिटाला शंभर-दीडशे आडवे धागे टाकतो, तर रेपियर तीनशे-चारशेच्या पुढे जातो. वेगातला हा फरक सगळ्या अहवालांत येतो. कांडी भरण्याचे काम त्याच क्षणी समूळ संपले, ही गोष्ट मात्र कोणत्याच अहवालात येत नाही. जेकार्डचेही तसेच. चादरीवरची नक्षी उठवण्यासाठी जाड पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोके पाडायची, ते पत्ते क्रमाने एकमेकांना शिवायचे आणि मागावर चढवायचे, हे कसबाचे काम होते. 1804 च्या सुमारास फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्डने बसवलेली ही पद्धत पुढे संगणकाच्या पंचकार्डांची पूर्वज ठरली. आज इलेक्ट्रॉनिक जेकार्डला नक्षी पेन ड्राइव्हमधून मिळते. पत्ते पाडणारा आणि शिवणारा, दोघांचीही गरज उरत नाही.

याहून लहान दिसणारा बदल अधिक बोलका आहे. केंद्र सरकारने 1 एप्रिल 2017 पासून ‘पॉवरटेक्स इंडिया’ ही योजना देशभर लागू केली. साध्या यंत्रमागाला जागच्या जागी सुधारून अर्धस्वयंचलित करायचे, असा तिचा एक भाग होता आणि सर्वसाधारण गटातील मागधारकाला त्याच्या खर्चाचा निम्मा भार सरकार उचलत होते. सुधारणा म्हणजे काय, तर धागा तुटला की माग आपोआप थांबावा, अशी जोडणी. कापडात दोष कमी येतो, माल चांगला निघतो, यात शंका नाही. पण तुटलेला धागा टिपणारी नजर हीच तर विणकराची मजुरी होती. ती नजर यंत्राने घेतली की जो माणूस दोन माग सांभाळत होता त्याच्यावर चार सोपवता येतात. सरकारने मागाला पैसे दिले. दुसऱ्या माणसाचे काय झाले, हे विचारण्याची सोय त्या योजनेच्या अर्जात नव्हती.

यावर पहिला आक्षेप अर्थशास्त्राचा आहे आणि तो वजनदार आहे. यंत्राने रोजगार घटतो हे खरेच नाही, असे म्हणणारे विणकामाचेच उदाहरण देतात. अमेरिकी अर्थतज्ज्ञ जेम्स बेसन यांनी दाखवून दिले की एकोणिसाव्या शतकात एक वार कापड विणायला लागणाऱ्या श्रमांपैकी 98 टक्के श्रम यंत्राने वाचवले, तरीही अमेरिकेत 1830 ते 1900 या काळात गिरण्यांतल्या विणकरांची संख्या चौपट झाली. कारण कापड स्वस्त झाले आणि ज्यांच्या अंगावर एकच जोडी होती ते दोन-तीन घेऊ लागले. हा पुरावा मला मान्य आहे. पण बेसन यांचेच म्हणणे पुढेही वाचायला हवे: लोकांची कापडाची भूक भागली, तेव्हा पुढच्या यंत्रांनी माणसे कमीच केली. सोलापुरी चादरीची भूक वाढते आहे का? चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, नाव आहे. पण पानिपतची ब्लँकेटे आणि पॉलिस्टरची मऊ पांघरुणे यांनी तिचा बाजार आवळला आहे. माल दुप्पट वेगाने निघाला म्हणून घरोघरी दुप्पट चादरी जाणार नाहीत. अशा वेळी वेगाचा अर्थ कमी माणसांत तेवढाच माल, एवढाच उरतो.

सोलापूरचा इतिहासही हेच सांगतो, फक्त एका महत्त्वाच्या फरकाने. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी इथे हातमाग रुजवला. 1877 साली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, म्हणजे आपली जुनी मिल, सुरू झाली आणि पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या उभ्या राहिल्या. हातमाग मागे पडला तेव्हा विणकराला गिरणीत किंवा यंत्रमागावर जागा होती. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, तेव्हाही अनेकांना यंत्रमागाने सामावून घेतले. कमी पगारात, हजेरीपटाविना, पण सामावून घेतले. प्रत्येक पडझडीत पुढची एक पायरी होती. यंत्रमागाच्या खाली आता कोणती पायरी आहे? ज्या घरात नवरा मागावर आणि बायको विड्या वळणारी, ते घर या शहरात जागोजागी सापडते. विडीला तंबाखूविरोधी कायद्यांनी आणि बदललेल्या सवयींनी घेरले आहे. त्या घराच्या दोन्ही मजुऱ्या एकाच वेळी डळमळत आहेत. अशा घराला ‘बाजार नवा रोजगार निर्माण करेलच’ हे सांगणे म्हणजे त्यांची वाट पाहण्याची ऐपत गृहीत धरणे आहे.

दुसरा आक्षेप कारखानदारांचा, आणि तो मी मनापासून मान्य करतो. नवे माग आले नाहीत तर सोलापूरचा धंदा दुसऱ्या राज्यात जाईल, मग कुणाचीच मजुरी उरणार नाही. खरे आहे. यंत्र अडवून धरा, असे या पत्रात कुठेही म्हटलेले नाही. 1999 पासून केंद्राच्या तंत्रज्ञान उन्नयन निधीतून, पुढे त्याच्या 2016 च्या सुधारित योजनेतून, आणि राज्याच्या धोरणांतून वस्त्रोद्योगाला यंत्रांसाठी पैसा मिळाला, तो मिळायलाच हवा होता. प्रश्न इतकाच आहे की तो पैसा जनतेचा आहे. कारखानदाराने सर्वस्वी स्वतःच्या खिशातून यंत्र घेतले तर गोष्ट वेगळी. पण यंत्राच्या किमतीत कर भरणाऱ्यांचा वाटा असेल, आणि कांडी भरणारी बाईही साबणाच्या वडीवर कर भरतेच, तर त्या वाट्यासोबत अट घालण्याचा अधिकार सरकारला आहे. आजवर अटी घातल्या गेल्या त्या यंत्राच्या दर्जाच्या आणि कागदपत्रांच्या.

कुणी म्हणेल, कायदे आहेतच. आहेत, आणि ते वाचले की मन अधिक खिन्न होते. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात, ज्या सुधारणेमुळे कामगार कपात होण्याची शक्यता आहे ती करण्यापूर्वी 21 दिवसांची नोटीस द्यावी, असे कलम होते. कपात झालेल्या कामगाराला प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचे वेतन भरपाई म्हणून द्यायचे होते. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत तर कपात झालेल्या कामगाराच्या पुनर्कौशल्यासाठी मालकाने 15 दिवसांच्या वेतनाएवढी रक्कम निधीत भरावी, अशी तरतूद आहे. कागदावर हे सगळे नेटके आहे. पण कपात होण्यासाठी माणूस आधी कामावर असावा लागतो. नगावर मजुरी घेणारा विणकर, घरी कांड्या भरणारी बाई, डझनावर टॉवेलला शिलाई मारणारी पोर, यांना कुणी कामावरून काढत नाही; उद्यापासून येऊ नका म्हटले की झाले. शिवाय आता विजेवर चालणारा कारखाना कायद्याच्या व्याख्येत बसायला 20 कामगार लागतात, आणि एका छपराखाली दोन-तीन नावांनी माग चालवणे ही यंत्रमागाच्या गावांत जुनी गोष्ट आहे. कामगाराचे हक्क हजेरीपटावर उभे आहेत, आणि हजेरीपट कोराच आहे.

हे सुटणारे कोडे नाही, असे मानायचे कारण नाही. जुलै 1957 मध्ये पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने आधुनिकीकरणासाठी तीन गोष्टी मान्य केल्या होत्या: असलेल्या कामगारांची कपात वा कमाईत घट होऊ नये, फायद्याची वाटणी समाज, मालक आणि कामगार यांच्यात न्याय्य व्हावी, आणि कामाचा बोजा दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या तज्ज्ञांनी ठरवावा. तेव्हा ही सूत्रे मोठ्या गिरण्यांपुरती होती, विखुरलेल्या कामगाराला ती कशी लागू करायची हे कुणालाच ठाऊक नव्हते. ते उत्तर पुढे महाराष्ट्रानेच शोधले. 1969 च्या माथाडी कायद्याने, ज्या हमालाला एक मालक नाही, ठरलेला पगार नाही, त्याची मंडळात नोंद केली, मजुरी मंडळामार्फत दिली आणि मालकांकडून लेव्ही घेऊन भविष्यनिर्वाह निधी, उपदान, वैद्यकीय मदत उभी केली.  विडी कामगारांसाठीही 1976 च्या कायद्याने विडीवर उपकर लावून कल्याण निधी उभारला गेला, आणि त्यातून दवाखाने, शिष्यवृत्त्या, घरे यांना मदत झाली. 2017 मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर गेला, हे या शहराचे मोठे नुकसान आहे. तरीही एक गोष्ट सिद्ध झाली: विखुरलेल्या कामगाराला गाठता येते, पैसा मालातून उभा करता येतो, इच्छा असावी लागते.

छोट्या मागधारकाची अडचण मला दिसत नाही असे समजू नये. चार-आठ मागांचा मालक अनेकदा स्वतःच विणकर असतो. वीजबिल, सुताचे चढउतार आणि व्यापाऱ्याची उधारी यांत तो पिळून निघतो. त्याच्यावर आणखी एक लेव्ही लादली तर तो माग भंगारात घालेल. म्हणूनच माझी सूचना त्याच्या खिशाकडे बोट दाखवत नाही. अनुदानाच्या रकमेतलाच ठरावीक भाग कामगारांच्या नावे बाजूला काढला जावा, आणि मोठ्या अनुदानात तो भाग मोठा असावा. अनुदान थोडे कमी मिळाल्याने जो प्रकल्प कोसळतो, तो मुळात कामगाराच्या जिवावर उभा होता, असेच म्हणावे लागेल.

राहिला शेवटचा आक्षेप, की ही भीतीच अवास्तव आहे. 2013 मध्ये ऑक्सफर्डच्या फ्रे आणि ऑस्बोर्न यांनी अमेरिकेतील 47 टक्के नोकऱ्या धोक्यात असल्याचे म्हटले, आणि तीनच वर्षांनी ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेच्या अभ्यासात, पूर्ण नोकरीऐवजी नोकरीतल्या एकेका कामाचा विचार केल्यावर, सदस्य देशांचा सरासरी आकडा 9 टक्क्यांवर आला. आदिदासने जर्मनीत आणि अटलांटात यंत्रमानवांचे बूट कारखाने उभारले, पण 2019 मध्ये ते बंद करण्याची घोषणा केली. मऊ, सुरकुतणारे कापड पकडून शिवणे यंत्राला अजून नीट जमत नाही. हे सगळे बरोबर आहे, आणि माझ्या मते यातच सोलापूरची संधी आहे. विणकाम यंत्राकडे वेगाने जाते आहे. शिलाई तितक्या वेगाने जाणार नाही. गेल्या काही वर्षांत या शहराने शालेय गणवेशाच्या धंद्यात जम बसवला आहे. कांडी भरणाऱ्या बाईला शिलाई यंत्रावर नेता येईल, साध्या मागाच्या विणकराला रेपियरची देखभाल शिकवता येईल. पण त्यासाठी चार-सहा महिने त्यांच्या घरात मजुरी आली पाहिजे. रोज कमावून खाणारे घर बिनपगारी प्रशिक्षणाला बसत नाही. आजची तरुण मुले मागावर येत नाहीत, पुण्याला जातात, हे मला ठाऊक आहे. पण पंचेचाळिशी ओलांडलेला विणकर पुण्याला जाऊन काय करणार?

तेव्हा मंत्रिमहोदय, 2028 नंतरच्या धोरणाची वाट न पाहता आपल्या विभागाने एक शासन निर्णय काढावा. यंत्राच्या अनुदानाच्या प्रत्येक अर्जासोबत, जुन्या यंत्रावर आणि त्याच्या आगेमागे काम करणाऱ्या सर्वांची यादी जोडणे बंधनकारक करावे: वहिफणीपासून घडीपर्यंत, नगावर आणि घरबसल्या काम करणाऱ्यांसह. ती यादी मालकाने एकट्याने न करता कामगार कार्यालयाने आणि संघटनांनी तपासावी. यादीतल्या माणसाला नव्या यंत्रावर कामाचा पहिला हक्क असावा, आणि ज्याला तिथे जागा नाही त्याला प्रशिक्षणाच्या काळात मजुरी त्या अनुदानातूनच मिळावी. माथाडीच्या धर्तीवर यंत्रमाग कामगारांचे मंडळ हा पुढचा टप्पा. त्याची मागणी जुनी आहे आणि ती आता पुरी व्हावी. सुरुवात सोलापूरपासून करा. यादीत पहिले नाव कांडी भरणाऱ्या बाईचे घाला.

आपला विश्वासू,
एक सोलापूरकर