खाण पाहावयास जाण्यापूर्वीं

यंदाच्या सहलींत सावनेरची कोळशाची खाण पाहावी, अशी सूचना आम्हीं मांडली, तेव्हां बेंबळीचे एक पालक म्हणाले, "गुरुजी, अंधारच पाहावयाचा, तर आमची विहीर काय वाईट आहे?" सर्व हंसले. आम्हीही हंसलों; परंतु तो प्रश्न मनांतून जाईना.

नागपूर जिल्ह्यांतील सावनेर येथें जमिनीखालची खाण लोकांस दाखविण्याचा उपक्रम वेस्टर्न कोलफील्ड्स व राज्याचें पर्यटन महामंडळ यांनीं 2016 सालीं सुरू केला. पोलंडांतील विएलिच्काची मिठाची खाण तर तेराव्या शतकापासूनची. तेथें सुमारें शंभर मीटर खोलीवर खाणकामगारांनींच मिठांत कोरलेलें प्रार्थनामंदिर आहे. त्यांतील झुंबरेंसुद्धां मिठाच्या स्फटिकांचीं! मिठाचा व्यापारी उपसा 1996 मध्यें थांबला. आतां तेथें प्रवाशांचीच वर्दळ.

असलीं झुंबरें पाहून मुलें वाहवा करितील, डोक्यावर शिरस्त्राण चढवून छायाचित्रेंही काढतील. तेवढ्यासाठींच जावयाचें असेल, तर पालकांचा पैसा खर्चूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. तिकीट काढून उतरणारा पाहुणा घटकाभरानें वर येतो. मजूर मात्र रोज पाळीला उतरतो, आणि त्याच्या घरचीं माणसें वाटेकडे डोळे लावून असतात.

येथें त्या पालकांची विहीरच आमच्या उपयोगीं पडते. यारीच्या पाटींत बसून खालीं जाणारा, सुरुंगाचा धूर निवळतांच पुन्हां पहार उचलणारा माणूस आमच्या मुलांनीं पाहिलेला आहे. कडा ढासळेल काय, ही भीति त्यांस समजते. पाझर लागला कीं सारें घर आनंदानें धांवत येतें, हेंही त्यांस ठाऊक. खाणींत मात्र तेंच पाणी काळ होऊन येतें. धनबादजवळील चासनाला येथें 27 डिसेंबर 1975 रोजीं सांचलेलें पाणी खाणींत फुटलें आणि 375 माणसें गेलीं. पाण्यासाठीं आभाळाकडे पाहणाऱ्या आपल्या मुलखांतील मुलांस ही गोष्ट केवळ पुस्तकांतून कळावयाची नाहीं.

म्हणून आमची सूचना अशी, कीं निघण्यापूर्वीं मुलांनीं एखाद्या विहीर खोदणाऱ्याजवळ बसून त्याचें काम ऐकावें, आणि खाणींत आपणांस हिंडविणारा कोणी जुना खाणकामगार भेटेल काय, याची आधीं चौकशी व्हावी. ते पालक आपल्या विहिरीवरील एका वृद्ध कारागिरास शाळेंत आणणार आहेत. सहलीच्या खर्चाचा हिशेब मात्र अद्याप व्हावयाचा आहे.