घटस्फोटानंतर माग कोणाचा?

घटस्फोटाची चर्चा आपल्याकडे अब्रू आणि पोटगी या दोन शब्दांतच संपते. विभक्त झालेल्या दोघांच्या कमाईचे पुढे काय होते, हा प्रश्न मागे पडतो.

तंजावर जिल्ह्यातील चोळपुरम्, दारासुरम्, त्रिभुवनम् हा कुंभकोणमभोवतीचा परिसर घ्या. येथील रेशमी हातमाग नावाजलेला. त्रिभुवनमच्या साडीला २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. मजुरी साडीच्या नगावर ठरते. पुरुष मागावर बसतो. रेशीम उकलणे, कांड्या भरणे ही कामे सहसा घरातील स्त्री करते. परंतु मजुरी एकच, आणि ती ज्याच्या नावावर माग त्याच्या हाती पडते. असा संसार मोडला की पुरुषाला कांड्या भरण्यास मजूर लावावा लागतो, अथवा नग कमी निघतात. त्यालाही झळ लागते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण जी रक्कम तो आता मजुराला मोजतो, तीच इतकी वर्षे पत्नीला न दिलेली मजुरी होती! शिवाय माग त्याच्याकडेच राहतो. स्त्रीची कमाई मात्र कागदोपत्री कधी नव्हतीच. मग ती बुडाली हे तिने सिद्ध तरी कसे करावे?

महाराष्ट्रातील ऊसतोड कामगारांची स्थिती वेगळी नाही. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल बहुतेक नवऱ्याच्या नावाने. जोडी फुटली की एकट्या बाईला कोयता म्हणून उभे राहणेच अवघड.

१९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने पोटगीला घातलेली दरमहा ५०० रुपयांची मर्यादा थेट २००१ मध्ये उठली. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी उभय पक्षांना उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले. पगारदाराच्या बाबतीत ते उपयोगी. मागावरच्या मजुरीचा हिशेब कोण तपासणार? आणि पोटगी ही पतीच्या मिळकतीतून निघते, स्त्रीच्या स्वतःच्या श्रमाची थकबाकी म्हणून नव्हे. गोव्यात, निराळा करार नसल्यास, १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार मालमत्ता दोघांची समाईक मानली जाते व घटस्फोटात निम्मी वाटली जाते. वसाहतवाद्यांच्या त्या संहितेने कारभाराची सूत्रे पतीच्याच हाती दिली होती, हे खरे. तरी निम्म्या हिश्श्याचे तत्त्व देशाच्या बहुतेक भागांत लागू असलेल्या कायद्यात आजही नाही.

विणकरांच्या सहकारी संस्थांत काम करणाऱ्या साथींनी सुरुवात सभासदपत्रापासून आणि मजुरीच्या पुस्तकापासून करावी. त्यांवर पत्नीचे नाव आज, संसार नांदता असतानाच, चढले पाहिजे.