टोचण्याआधी बाळ आईकडे द्या

जन्मल्याबरोबर बाळाला 'के' जीवनसत्त्वाचे इंजेक्शन, बीसीजी आणि हिपॅटायटिस-बीची लस लागते. साखर किंवा कावीळ तपासायची तर टाचेतून रक्त. हे टाळायचे नाही. मुद्दा एवढाच की टोचताना बाळ टेबलावर एकटे नको.

१. नवजात बाळाला दुखते. त्याची मज्जासंस्था कच्ची, म्हणून त्याला फारसे कळत नाही, असे कित्येक वर्षे डॉक्टरही मानत. अपुऱ्या भुलीखाली शस्त्रक्रियासुद्धा होत. इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. कन्वलजीत आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर अभ्यास केला. शस्त्रक्रियेत फेंटानिल हे वेदनाशामक दिलेल्या बाळांच्या शरीरावर ताण कमी पडला, गुंतागुंतही कमी झाली, हे १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हापासून 'त्याला काय कळतंय' म्हणायची सोय राहिलेली नाही.

२. पहिला इलाज फुकट आहे. सुई टोचण्याआधीच बाळाला अंगावर घ्यावे आणि टोचतानाही पाजत राहावे. पाजणे जमत नसेल तर उघड्या छातीशी धरावे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ मध्ये लसीकरणासाठी हेच सुचवले: बाळ कुशीत, शक्य तर अंगावर, जास्त दुखणारी लस शेवटी.

३. 'पिताना ठसका लागेल', ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. 'रांग मोठी आहे', ही अडचण खरी आहे. पण कार्ड भरून सिरिंज तयार होईपर्यंत पुढची आई पाजायला बसू शकते.

४. अतिदक्षता कक्षात आई दर वेळी जवळ नसते. तिथे टोचण्याच्या दोन मिनिटे आधी जिभेवर साखरेच्या निर्जंतुक द्रावणाचे मोजके थेंब देता येतात. ते डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच. घरून आणलेला मध कदापि नको, त्यातून तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

५. तपासण्या एकत्र कराव्यात, म्हणजे टोचणे कमी होईल. पूर्ण दिवसांच्या बाळाला टाचेपेक्षा शिरेतून रक्त काढणे कमी दुखते, पण हात सरावलेला हवा. कान सोनारानेच टोचावे म्हणतात, ते उगाच नाही.

६. 'आपल्याकडे कुठे जमणार?' असे म्हणणाऱ्यांनी मुंबईतल्या शीवकडे पाहावे. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने महापालिकेच्याच शीव रुग्णालयात उभी राहिली. त्या मानाने टोचताना बाळ आईजवळ ठेवण्याची ही मागणी किरकोळ आहे.

७. म्हणून महापालिकेने प्रत्येक प्रसूतिगृहात आणि लसीकरण केंद्रात तीन गोष्टी कराव्यात: पडद्याआड आईसाठी खुर्ची, आईला बाहेर न थांबवण्याचा लेखी नियम, आणि टोचल्याची नोंद होते त्याच कागदावर, वेदना कमी करायला काय केले याचा एक रकाना. रकाना रिकामा दिसला की विचारणारा कोणीतरी निघतो.