आवाज कुठला, ते आधी ऐका की!

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण गाडी. आमची छोटी मोटार, २०११ सालची, पंधरा दिवसांत दोनदा गॅरेजला जाऊन आली आणि दोन्ही वेळा तिचा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागला. दुसऱ्यांदा उतरवावा लागला तो पहिल्यांदा कुणी कान दिला नाही म्हणून, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या 'कुणी'त मीही आलो.

तर झालं असं. दसरा चौकात सिग्नलला उभे होतो. गाडी न्यूट्रलला, क्लचवरचा पाय काढलेला. ही म्हणाली, "अहो, खालून घरघर येतेय." मला चौऱ्याहत्तरावं चालू आहे, कान पूर्वीचे राहिले नाहीत. पण लक्ष देऊन ऐकल्यावर मलाही ऐकू आली. क्लच दाबला की गप्प, सोडला की पुन्हा घरघर. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये गेलो (नाव घेत नाही) आणि म्हणालो, "क्लचमध्ये आवाज येतोय." तिथल्या माणसाने गाडीत न बसताच निकाल दिला. "काका, क्लचप्लेट गेली. सेटच टाकूया." क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, मजुरी धरून साडेनऊ हजार. पेन्शनीतून दिले. गाडी घेऊन दसरा चौकात आलो आणि... घरघर जशीच्या तशी!

परत त्यांच्याकडे गेलो तर उत्तर मिळालं, "नवीन आहे काका, बसेल हळूहळू." नवीन चप्पल चावते ती बसते, हे मला माहीत आहे. बेअरिंग बसत नाही.

शेवटी शिवाजी उद्यमनगरात गेलो. माझा एक जुना विद्यार्थी तिथे गाड्यांचं काम करतो. मराठीत कायम काठावर पास! त्याने आधी पान्याला हात लावला नाही. "सर, तुम्हीच बसा की. हँडब्रेक ओढा, चालू करा, न्यूट्रलला ठेवा. आता क्लचवरनं पाय काढा बघू. आता दाबा. हळू... निम्म्यात थांबा. सोडा." असं चारपाच वेळा. मग लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सच्या अंगाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि म्हणाला, "सर, क्लचला काय बी झालेलं न्हाई. इनपुट शाफ्टचं बेअरिंग गेलंय."

त्याने जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. पाय वर असतो तेव्हा क्लचप्लेट इंजिनाला घट्ट धरलेली असते, त्यामुळे गाडी न्यूट्रलला उभी असली तरी गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट इंजिनाबरोबर फिरत राहतो. क्लच दाबला की प्लेट सुटते आणि तो शाफ्ट थांबतो. म्हणजे पाय काढल्यावर येणारा आणि दाबल्यावर जाणारा आवाज बहुधा गिअरबॉक्सकडचा. उलट दाबल्यावर सुरू होणारा आणि सोडल्यावर जाणारा आवाज रिलीज बेअरिंगचा, कारण दाबलं की ते बेअरिंग फिरत्या प्रेशर प्लेटच्या पात्यांवर जाऊन टेकतं. इंजिन बंद असतानाही पेडल कुरकुरत असेल तर दोष पेडलच्या बुशात, केबलीत नाहीतर आतल्या फोर्कमध्ये. आणि आवाज नसून गाडी सुटताना नुसती थरथरत असेल तर प्लेटवर तेल आलं असेल किंवा इंजिनाचे माउंटिंग ढिले झाले असतील.

यालाही अपवाद आहेत. काही गाड्यांत रिलीज बेअरिंग कायमच हलकं टेकून फिरतं, तेव्हा पाय वर असतानाही तेच वाजू शकतं. पेडलवर नुसता पाय ठेवून बघायचा. तेवढ्यानेच आवाज बदलला तर संशय तिकडे. त्याने मला निम्म्यात थांबायला सांगितलं ते यासाठी. आणि काहीही उघडण्याआधी गिअर ऑईल किती आहे ते बघायचं. हे सगळं करायला दहा मिनिटं लागली.

माझा राग पैशाचा आहेच, तो लपवत नाही. पण त्याहून मोठा राग असा की पहिल्यांदा गिअरबॉक्स खाली होता, शाफ्ट समोर होता. हाताने फिरवून बघितला असता तर खरखर बोटांना लागली असती! मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, हल्ली स्कॅनर लावतात." इंजिनाच्या दुखण्याला लावत असतील. घासलेल्या बेअरिंगचा कोड स्कॅनरवर येत नाही, ते कानानेच कळतं. आणि हे कोल्हापूरला कुणी शिकवावं? शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतून गाड्यांची कास्टिंग्ज निघतात. कास्टिंग हातोडीने वाजवून बघतात, खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर आत चीर. बाजारात माठ घेतानाही आपण टिचकी मारतोच की.

सेट एकदम बदलण्याला माझा विरोध नाही. प्लेट खरोखर झिजली असेल तर तिन्ही वस्तू एकदमच टाकाव्यात, कारण गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी एकदाच पडते. पण तो निर्णय ऐकून झाल्यावर घ्यायचा, आणि काढलेली जुनी प्लेट मालकाला दाखवायची. मला दाखवली नाही, मीही मागितली नाही.

माझी मुख्य चूक याआधीची. मी जाऊन "क्लचमध्ये आवाज येतोय" म्हणालो. म्हणजे पेशंटने डॉक्टरला "मला टायफॉईड झालाय" म्हणून सांगावं तसं! मी सांगायला हवं होतं, "न्यूट्रलला घरघर येते, क्लच दाबला की जाते." एवढंच. आयुष्यभर पोरांकडून ध्वनिदर्शक शब्द पाठ करून घेतले, पानांची सळसळ, बांगड्यांची किणकिण. घरघर, चिरचिर, कुरकुर, खडखड हे मिस्त्रीलाही समजणारे शब्द तोंडाशी असताना मी नुसतं 'आवाज' म्हणालो. काठावर पास झालेल्याने मात्र आधी विचारलं होतं, "सर, कसा येतो? आन् कवा येतो?"

नवीन बेअरिंग टाकून गाडी आता शांत आहे. मजुरी दुसऱ्यांदा पडली. विद्यार्थी घ्यायला तयार नव्हता, मी बळेच दिली.

वय झालं की बारीक, चिरके आवाज आधी जातात म्हणे, त्यामुळे गाडी तपासताना ही शेजारी हवीच. पुढच्या आठवड्यात आंबा घाटातून रत्नागिरीला जायचंय. कालपासून ही म्हणतेय, पुढून डावीकडून कुईंकुईं येतंय. मला काही ऐकू येत नाही. उद्या सकाळी दोघंही उद्यमनगरात जाऊन येतो.