‘ई’ निगेटिव्ह म्हणजे निर्धास्त नव्हे

रक्तदान शिबिरात किंवा बाळंतपणाआधीच्या तपासणीत ‘हिपॅटायटीस बी पॉझिटिव्ह’ असा शेरा मिळालेली माणसे बुलढाणा जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्यात भेटतील. बहुतेकांना काविळीचे एकही लक्षण नसते. कोणी गळ्यात काविळीची माळ घालून येतो, कोणी पुढची तपासणी करतो. त्या तपासणीत ‘ई अँटिजेन निगेटिव्ह’ आले, की विषाणू झोपला असे समजून फाइल कपाटात जाते. आमच्या मते खरा घोटाळा इथेच होतो.

हा विषाणू अगदी छोटा. त्याची जनुकीय लिपी जेमतेम ३२०० अक्षरांची. पण स्वतःच्या प्रती काढताना तो चुका करतो आणि त्या तपासून दुरुस्त करण्याची सोय त्याच्याकडे नाही. वर्षानुवर्षे यकृतात राहिलेल्या विषाणूत म्हणूनच बदल साठत जातात. त्यातला एक नेहमी सापडणारा बदल १८९६व्या अक्षरावर होतो. तिथले ‘जी’ जाऊन ‘ए’ आले, की ई अँटिजेन बनवण्याचा हुकूम अर्ध्यावर थांबतो. प्रथिन बनत नाही, चाचणी निगेटिव्ह येते. विषाणू मात्र पूर्वीसारखाच वाढत राहू शकतो.

भारतात या विषाणूचे ‘ए’ आणि ‘डी’ हे जनुकीय प्रकार प्रामुख्याने आढळतात. पूर्वेकडे ‘सी’ही दिसतो. ‘ए’मध्ये वरचा बदल सहसा टिकत नाही, कारण त्याने विषाणूच्याच रचनेची जोडणी बिघडते. ‘डी’मध्ये तो बिनबोभाट टिकतो. युरोप-अमेरिकेत ‘ए’ प्रकार अधिक असलेल्या रुग्णांवरून बांधलेला आडाखा आपल्या रुग्णाला जसाच्या तसा लावणे म्हणूनच धोक्याचे. याखेरीज १७६२ आणि १७६४ या जागांवर होणाऱ्या जोडबदलाचा संबंध यकृताच्या कर्करोगाशी आढळला आहे.

असा बदललेला विषाणू सुईतून दुसऱ्याच्या रक्तात गेला तर काय होते, हे २००९ मध्ये गुजरातेतल्या मोडासा भागात दिसले. साथीत नव्वदच्या आसपास माणसे दगावली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपास केला, तेव्हा या दोन्ही जागांवरचे बदल आणि नीट निर्जंतुक न केलेल्या सिरिंज यांचा संबंध पुढे आला. गावात ‘एक सुई टोचा, लवकर बरे वाटेल’ असा आग्रह धरणाऱ्यांनी, आणि तो पुरवणाऱ्यांनीही, मोडासा आठवावे.

मग प्रत्येक रुग्णाची जनुकीय चाचणी करायची का? गरज नाही. आज वापरात असलेल्या टेनोफोव्हिरला सगळे प्रकार दाद देतात आणि त्याला विषाणू सरावण्याचे प्रमाण नगण्य आहे. पूर्वीच्या लॅमिव्हुडिनचे तसे नव्हते. पाच वर्षांत सुमारे ७० टक्के रुग्णांत त्याला दाद न देणारा विषाणू तयार होई. जुनी चिठ्ठी दाखवून औषध दुकानातून तीच गोळी आणणारे असतील, तर त्यांनी डॉक्टरांना विचारावे. गोळी मनाने बंद करणे त्याहून वाईट, कारण त्याने यकृताला अचानक जोरदार सूज येऊ शकते.

गरज आहे ती रक्तातला विषाणूचा डीएनए मोजण्याची आणि यकृताची ‘एएलटी’ पाहण्याची; तीही एकदा नव्हे, ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा. कारण ई-निगेटिव्ह आजार वरखाली होत असतो; आज कमी दिसलेला आकडा सहा महिन्यांनी चढलेला असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये उपचाराची अट सैल केली. त्यातही डीएनए २००० आंतरराष्ट्रीय एककांच्या वर आणि एएलटी वाढलेली, एवढे पुरेसे मानले आहे. ‘ई’ काय आले याची अट नाही.

राष्ट्रीय कार्यक्रमात २०१८ पासून औषध मोफत आहे. अडते ते येण्याजाण्यापाशी. संग्रामपूर किंवा लोणारच्या शेतमजुराने दर सहा महिन्यांनी रोज बुडवून बुलढाणा गाठावे, ही अपेक्षा कागदावरच शोभते. क्षयरोगासाठी वापरली जाणारी ट्रूनॅट यंत्रे हिपॅटायटीस बीचा डीएनएही मोजू शकतात. त्यासाठीची चिप मिळते. तालुक्याच्या रुग्णालयात रक्त घ्यावे आणि यंत्र जिथे असेल तिथे पाठवावे. थुंकीचे नमुने असेच जातात. जिल्हा आरोग्य यंत्रणेने त्याच थैलीत ही नळीही ठेवावी.