अरणीचे लाकूड : शमीचे की पिंपळाचे?

१/८
अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेत आज १३५० मेगावॅट क्षमतेचा औष्णिक वीज प्रकल्प आहे. घर्षणाने पेटणाऱ्या काड्या मात्र १८२७ साली, इंग्लंडात जॉन वॉकरने विकायला काढल्या तेव्हा बाजारात आल्या. त्याआधी हजारो वर्षे माणूस लाकडावर लाकूड फिरवून अग्नी काढत असे. ते लाकूड कोणते, याचे प्रचलित उत्तर अर्धेच खरे आहे.

२/८
शमीच्या पोटात अग्नी असतो, म्हणून खालची अरणी शमीची आणि वरची पिंपळाची, असे सर्रास सांगितले जाते. कालिदासाने शाकुंतलात अग्निगर्भा शमीची उपमा योजली आहे. उपमा सुंदर आहे. पण लाकडाच्या निवडीचा तो पुरावा ठरत नाही.

३/८
शतपथ ब्राह्मणातील (११.५.१) पुरूरव्याची कथा मुळातून पाहावी. गंधर्वांनी दिलेला अग्नी तो रानात ठेवतो. परतल्यावर अग्नीच्या जागी अश्वत्थ आणि थाळीच्या जागी शमी उभी असते. गंधर्व आधी वरची अरणी अश्वत्थाची व खालची शमीची सुचवतात. अखेरचा सल्ला मात्र वेगळा : दोन्ही अश्वत्थाच्याच.

४/८
श्रौत परंपरेत ‘शमीगर्भ’ अश्वत्थ, म्हणजे शमीवर रुजलेला पिंपळ, अरणीसाठी श्रेष्ठ मानला गेला. पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ भिंतीच्या भेगेतही उगवतो, तसाच दुसऱ्या झाडावरही. अशा अरणीत पावित्र्य शमीचे, लाकूड पिंपळाचे.

५/८
यामागे व्यवहार दिसतो. घर्षणाला कोरडे, हलके, मऊसर लाकूड लागते. त्याचा बारीक काळा भुगा पडतो, खाचेत साठतो, तापतो आणि त्यातच निखारा धरतो. फार कठीण लाकूड घासून नुसते गुळगुळीत होते. ओल्या लाकडातली उष्णता पाणी आटवण्यात जाते. शमी कठीण, पिंपळ त्या मानाने मऊ.

६/८
तळहातांत काडी फिरवणे ही साधी रीत. अरणीमंथनात मंथनदंड दोरीने घुसळतात आणि त्याच्या टोकाला वरच्या अरणीचा तुकडा बसवतात. १९७५ साली केरळातील पांजाळ येथे झालेल्या अग्निचयनात असाच अग्नी काढला गेला. दोरीमुळे वेग वाढतो. पण लाकूड चुकले तर वेगही वाया जातो.

७/८
म्हणून दोन्ही टोकाचे दावे टाळावेत. ‘हे सारे कर्मकांड’ म्हणणारा हाताचा अनुभव विसरतो. ‘हे सारे विज्ञान’ म्हणणारा कथेतील बदलता सल्ला वाचतच नाही. ग्रंथात श्रद्धा आणि अनुभव यांची तडजोड दिसते, हे अनुमान अधिक पटण्याजोगे आहे.

८/८
वऱ्हाडातील तरुण अभ्यासकांना ते तपासता येईल. पिंपळ, पळस, पऱ्हाटी, तुराटी यांच्या वाळलेल्या काड्या घ्याव्यात. निखारा धरायला कापूस इथलाच आहे. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, मोकळ्या जागी, पाणी जवळ ठेवून प्रयोग करावा आणि जे फसले तेही लिहून ठेवावे. उन्हाळ्यात वाळलेल्या गवताजवळ किंवा मेळघाटच्या रानात तो कदापि करू नये.