रस्त्याच्या पोटातील प्रश्न

जानेवारी २०२३ मध्ये मुंबईतील सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाचे भूमिपूजन झाले. खर्च सहा हजार कोटी रुपयांच्या घरात. त्या वेळी महापालिकेत लोकनियुक्त सभागृहच नव्हते. मार्च २०२२ पासून कारभार प्रशासकाच्या हाती होता.

डांबरी रस्ता उकरून बुजविता येतो. काँक्रीट एकदा पडले की खालची जुनी जलवाहिनी बदलणे म्हणजे जनतेचाच पैसा फोडणे होय. म्हणून जलवाहिन्या, मलवाहिन्या, पर्जन्यवाहिन्या व विजेच्या तारा यांची कामे एकाच आराखड्यानुसार आणि आधी व्हावयास हवीत.

परंतु हा केवळ अभियंत्यांचा प्रश्न नव्हे. मुंबईत मोटारीने जाणाऱ्यांपेक्षा पायी चालणारे कितीतरी अधिक आहेत. फेरीवाल्यांना २०१४ च्या कायद्याने संरक्षण दिले आहे. मोठ्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात, असे चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ठरविले आहे. तेथे आराखडा मांडल्यावाचून निविदा निघणे, ही लोकशाहीची थट्टाच होय.

तेव्हा कार्यकर्त्यांनी प्रत्येक प्रभागात आताच विचारावे : वाहिन्या कोठून जाणार? पदपथ किती रुंद? फेरीवाल्यांची जागा कोणती? कुदळ पडल्यानंतर काढलेल्या मोर्चाला बुजविलेला खड्डाच पाहावा लागतो.